जुना मोठा फिश टँक घेताय? गळती बाहेरून बुजवू नका. आतलं सिलिकॉन पूर्ण काढून असं नव्याने भरा

'घर बदलत आहे, चार फुटी फिश टँक स्टँडसह विकायचा आहे' अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर रोज दिसतात. पुणे, मुंबई, नाशिककडचे जुने टँक नव्यापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. गावाकडे कुणी घरच्या हौसेसाठी, कुणी हॉटेल-सलूनच्या शोभेसाठी, तर कुणी रंगीत माशांचा जोडधंदा करून बघू म्हणून असा टँक टेम्पोत घालून आणतं. पाणी भरलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडखाली ओल दिसते.

मग हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची एक ट्यूब येते. ओल दिसते तिथे बाहेरून बोटभर लेप बसतो. दोन दिवस सगळं ठीक वाटतं आणि मासेही सोडले जातात. पण हा लेप भरवशाचा नसतो. टँक छोटा असेल तर फार तर फरशी भिजेल. चार फुटी टँक रात्रीतून फुटला तर मात्र काचेचे तुकडे, घरभर पाणी आणि त्यात विजेचा बोर्ड अशी गाठ पडते. घरात लहान मूल असेल तर विचारायलाच नको. म्हणून जुना टँक घेण्याआधी काय बघायचं, तो दुरुस्त होण्यासारखा आहे का आणि असेल तर कसा करायचा, हे नीट समजून घेतलेलं बरं.

टँकमध्ये नेमकं किती वजन असतं?

हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी आणि उंची इंचात मोजायची, तिन्हीचा गुणाकार करायचा आणि ६१ ने भागायचं. उत्तर लिटरमध्ये येतं. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच टँक म्हणजे ४८ × १८ × २४ इंच. यात काठोकाठ सुमारे ३४० लिटर पाणी बसतं, म्हणजे ३४० किलो. काच १० एमएमची असेल तर तिचं वजन आणखी ६५ किलोच्या आसपास. वाळू-खडे वेगळेच. एकूण वजन सिमेंटच्या आठ गोण्यांच्या वर जातं.

वजनाइतकंच महत्त्व दाबाला आहे. पाणी फक्त खाली दाबत नाही, चारही बाजूंच्या काचा बाहेर ढकलतं. या मापाच्या टँकमध्ये समोरच्या एका काचेवर सुमारे २२५ किलोचा जोर येतो. हा जोर पाण्याच्या उंचीवर ठरतो. तोच टँक दोनऐवजी एक फूट उंच असता, तर जोर चौथ्या हिश्शावर आला असता. म्हणून लांब पण बुटका टँक त्यामानाने सोपा आणि उंच टँक अवघड. एवढा जोर दिवसरात्र धरून ठेवण्याचं काम काचांच्या मधलं सिलिकॉन करत असतं.

गळती एकीकडे, ओल दुसरीकडे

काचेच्या टँकला सिलिकॉनचे दोन थर असतात. पहिला दोन काचांच्या कडांच्या मधला. खरी पकड त्याची, काचा एकमेकींना तोच धरून ठेवतो. दुसरा थर आतल्या कोपऱ्यात पट्टीसारखा फिरवलेला असतो. पाणी पहिल्या थरापर्यंत पोचू नये, हे त्याचं काम.

आतली पट्टी एखाद्या ठिकाणी सुटली की पाणी तिच्या मागे शिरतं, जोडातून सरकत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर येतं. ओल डाव्या कोपऱ्यात दिसत असली तरी पट्टी उजवीकडे सुटलेली असू शकते. त्यामुळे ओल दिसते तिथे लेप लावणं हा अंदाजाचा खेळ होतो. शिवाय बाहेरून लावलेल्या लेपाला पाणी मागून ढकलतं. आतल्या बाजूने लावलेली पट्टी मात्र पाण्याच्या दाबानेच काचेवर दाबली जाते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. नवीन सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. ते चिकटतं स्वच्छ, कोरड्या काचेला. जुन्या पट्टीवर नवी पट्टी फिरवली तर ती दिसायला छान दिसते, पण काही दिवसांनी सालासारखी निघून येते. म्हणूनच एखाद्या ठिकाणी ठिगळ लावण्यापेक्षा आतली पूर्ण पट्टी काढायची आणि सगळीकडे एकाच वेळी नवी भरायची, हाच खात्रीचा मार्ग.

पैसे देण्याआधी काय बघायचं?

फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नयेत. टँक दिवसाउजेडी समोर बघावा, सोबत टॉर्च न्यावा. शक्य असेल तर विकणाऱ्याला आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवायला सांगावं.

- काचेची जाडी: पट्टीने मोजावी. ४ फूट लांब आणि २ फूट उंच टँकला १० ते १२ एमएम काच लागते. त्याहून पातळ असेल तर पाणी कमी उंचीपर्यंतच भरायचं, हे धरून चालावं.
- वरच्या पट्ट्या: टँकच्या तोंडाशी काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या शोभेच्या नसतात, काच बाहेर फुगू देत नाहीत. एखादी निघालेली असेल तर ती बसवल्याशिवाय टँक पूर्ण भरायचा नाही.
- तडे: टॉर्च तिरपा धरून सगळ्या काचा बघाव्यात. नख फिरवल्यावर अडकतं का, तेही बघावं.
- काचांच्या मधला जोड: बाहेरून काचेतून बघितल्यावर तो एकसारखा दिसला पाहिजे. पांढरट, चंदेरी चट्टे किंवा लांब रेघ दिसली तर तिथे सिलिकॉनने काच सोडली आहे. एखादा बारीक बुडबुडा असेल तर घाबरण्याचं कारण नाही.
- आतली पट्टी: नखाने कड उचलून बघावी. उचलली जात असेल किंवा पट्टीखाली हिरवं-काळं शेवाळ गेलं असेल तर ती बदलायचीच.

टँकमध्ये आधी काय होतं, हेही विचारावं. कीटकनाशक, रंग किंवा रसायन ठेवलेला टँक फुकट मिळाला तरी माशांसाठी घेऊ नये.

कोणता टँक दुरुस्त होतो, कोणता नाही?

काचांच्या मधला जोड चांगला आहे आणि फक्त आतली पट्टी खराब आहे, तर घरच्या घरी काम होतं. मधल्या जोडातच मोठे चट्टे असतील तर टँक पूर्ण सुटा करून, प्रत्येक कड साफ करून पुन्हा जोडावा लागतो. दोन फूट उंच टँकचं हे काम टँक बनवणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावं. काचेला तडा गेला असेल तर त्यावर सिलिकॉन फासून उपयोग नाही. ती काचच बदलावी लागते. दुरुस्ती आणि वाहतूक धरून खर्च नव्या टँकच्या जवळ जात असेल, तर तो सौदा सोडून द्यावा. अशा टँकमध्ये रोपं लावता येतात, पण पाणी भरण्याच्या फंदात पडू नये.

आणताना टँकमध्ये पाणी, वाळू काहीही ठेवायचं नाही. टेम्पोत खाली गादी किंवा थर्माकोल टाकून टँक उभाच ठेवावा. वरच्या कडांवर दोरी करकचून आवळू नये. उचलायला चार माणसं हवीत आणि हात तळाखाली हवेत. वरच्या पट्ट्यांना धरून उचललं तर त्याच निघून हातात येतात.

सामान काय लागेल?

सिलिकॉन: सगळ्यात जास्त चूक इथे होते. बाथरूम-किचनसाठीच्या सिलिकॉनमध्ये अनेकदा बुरशी न येण्याचं औषध मिसळलेलं असतं. ते माशांना घातक ठरतं. १०० टक्के सिलिकॉन असलेली आणि अ‍ॅक्वेरियमसाठी चालते असं लिहिलेली ट्यूब घ्यावी. या कामाचं नेहमीचं सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. अ‍ॅक्रिलिक सीलंट वेगळं, ते इथे चालत नाही.

ट्यूबवरची तारीख बघायची. मुदत संपलेलं सिलिकॉन नीट वाळत नाही. शंका असेल तर काचेच्या तुकड्यावर थोडं लावून एक दिवस ठेवावं. रबरासारखं घट्ट झालं आणि ओढूनही सहज निघालं नाही, तर माल चांगला.

आतल्या पट्टीची लांबी या टँकमध्ये १९ फूट भरते. एक मोठी ट्यूब कशीबशी पुरते, म्हणून दोन आणाव्यात. काम अर्धवट सोडून दुकानात पळायची वेळ येऊ नये.

बाकी सामान: सिलिकॉन गन, ब्लेडची नवी पाती आणि ती धरायला स्क्रॅपर, मास्किंग टेप, हातमोजे, जुनं सुती कापड, अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा जेलवालं सॅनिटायझर वापरू नये, त्यातल्या तेलाचा किंवा ग्लिसरीनचा थर काचेवर राहतो.

पायरी १: जुनी पट्टी काढणं

काम उघड्या पडवीत किंवा हवेशीर खोलीत करावं. टँक आधी धुवून घ्यावा. बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे क्षार बसलेले असतात. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी कापडाने लावून तासभर ठेवलं की ते सुटतात. जंतू मारायला ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर ती वेगळ्या दिवशी, स्वच्छ धुऊन. ब्लीचिंग आणि व्हिनेगर एकत्र आलं तर विषारी वायू तयार होतो. साबण वापरू नये.

टँक कोरडा झाला की पट्टीच्या दोन्ही कडांना पातं काचेला जवळजवळ टेकवून चालवायचं. आधी तळाच्या काचेवरून, मग उभ्या काचेवरून. दोन्हीकडून सुटली की पट्टी लांब दोरीसारखी ओढून काढता येते. पातं दोन काचांच्या फटीत घुसवायचं नाही. तिथला थर कापला गेला तर चांगला टँक आपल्याच हाताने बिघडतो.

पट्टी निघाल्यावर काचेवर न दिसणारा पातळ पापुद्रा उरतो. तो ओळखायचा कसा? ओलं कापड फिरवावं. स्वच्छ काचेवर पाणी सारखं पसरतं, सिलिकॉन उरलं असेल तिथे थेंब गोळा होतात. तो भाग पुन्हा खरवडायचा. या कामाला दोन-तीन तास लागतात आणि सगळ्यांना कंटाळा इथेच येतो. पण दुरुस्ती टिकणार की नाही, ते याच तासांवर ठरतं.

शेवटी अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलने कोपरे पुसून घ्यावेत. दोन्ही चटकन पेट घेतात. जवळ चूल, गॅस, विडी-सिगारेट नको. पुसल्यानंतर कोपऱ्यांना उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं तरी पकड कमी होते.

पायरी २: नवं सिलिकॉन भरणं

कोपऱ्यापासून साधारण एक सेंटीमीटर जागा सोडून दोन्ही काचांवर मास्किंग टेप लावावी. त्यामुळे पट्टी सरळ येते. ट्यूबचं तोंड तिरपं कापावं, भोक ५-६ एमएमचं ठेवावं.

या कामाला दोघं हवेत. एकाने गन चालवायची, दुसऱ्याने मागोमाग हातमोजा घातलेलं बोट फिरवायचं. लावल्यावर पाच-दहा मिनिटांत सिलिकॉनवर साय धरते, उन्हाळ्यात त्याही आधी. म्हणून सकाळच्या गार वेळेत काम धरावं. आधी चारही उभे कोपरे, लगेच तळाचे चार जोड. उभी आणि आडवी पट्टी जिथे मिळते तिथे दोन्ही ओल्या असल्या पाहिजेत. पहिली वाळल्यावर दुसरी लावली तर सांधा कच्चा राहतो.

बोट एकाच ओघात, थोडं दाबून फिरवायचं. सिलिकॉन कोपऱ्यात शिरलं पाहिजे, आत हवा राहता कामा नये. प्रत्येक जोड झाला की साय धरायच्या आत टेप तिरपी ओढून काढावी. नंतर 'इथे जरा कमी वाटतंय' म्हणून पुन्हा बोट लावू नये.

पायरी ३: वाळू देणं

सिलिकॉन हवेतली ओल घेऊन बाहेरून आत वाळत जातं. २४ तासांत साधारण २ ते ३ एमएम खोलीपर्यंतच ते वाळतं. वरून हात लावून सुकलेलं वाटलं तरी आत ओलं असू शकतं. दोन फूट उंच टँकला पूर्ण आठवडा द्यावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत किंवा कडाक्याच्या थंडीत आणखी दोन-तीन दिवस. आंबट वास पूर्ण गेला नसेल तर पाणी भरायचं नाही. टँक उन्हात ठेवून घाई करण्यात फायदा नाही.

पायरी ४: चाचणी घराबाहेरच

पहिली चाचणी अंगणात, सपाट जागेवर. खाली थर्माकोल आणि त्यावर वर्तमानपत्र पसरावं. कागदावर थेंबभर ओलही लगेच उठून दिसते.

पहिल्या दिवशी एक तृतीयांश पाणी, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. पूर्ण भरल्यावर तीन दिवस तसंच ठेवावं. पाण्याच्या पातळीवर मार्करने खूण करावी. पातळी थोडी खाली गेली पण कागद कोरडा असेल, तर ते बाष्पीभवन. बोअरचं गार पाणी दमट हवेत भरलं तर काचेला बाहेरून दव येतं, त्याला गळती समजू नये. पुसून पुन्हा बघावं.

कागद ओला झालाच तर पाणी गळू द्यावं आणि कुठे थांबतं ते बघावं. ज्या उंचीवर पाणी थांबतं, त्याच उंचीला पट्टीत दोष आहे. पूर्ण रिकामा झाला तर दोष तळाच्या जोडात. काम पुन्हा करावं लागेल, पण घरात फुटण्यापेक्षा अंगणात गळलेलं परवडलं. टंचाईच्या गावात ३४० लिटर पाणी वाया घालवणं जिवावर येतं. चाचणी झाल्यावर तेच पाणी झाडांना घालता येईल.

जागा चुकली तर चांगला टँकही फुटतो

टँक एका कोपऱ्यात किंचित खचला तरी काचेला पीळ बसतो आणि जोड सुटतात. मातीच्या, सारवलेल्या जमिनीत ओलीने स्टँडचे पाय रुततात. तिथे प्रत्येक पायाखाली फरशीचा मोठा तुकडा बसवावा. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने किंवा स्पिरिट लेव्हलने चारही कोपरे तपासून घ्यावेत. अँगलचा स्टँड वेल्डिंगला कुठे सुटलेला नाही ना, तेही बघावं. लाकडी माळ्यावर एवढा टँक ठेवू नये.

टँकला फ्रेम नसेल आणि तळाची काच थेट स्टँडवर बसत असेल, तर खाली थर्माकोलची अखंड शीट घालावी. तळाला प्लास्टिकची फ्रेम असलेल्या टँकला ती लागत नाही.

विजेचा बोर्ड टँकच्या खाली किंवा मागे नको, बाजूला आणि उंचावर हवा. फिल्टरची वायर आधी खाली झोळासारखी सोडून मग प्लगकडे न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जात नाही. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी नसेल तर वायरमनकडून आधी ती बसवून घ्यावी.

चाचणीचं पाणी काढून टँक एकदा साध्या पाण्याने धुतला की तो वापरायला तयार. सुरुवातीला दोन-चार कणखर मासेच सोडावेत आणि पुढचे काही आठवडे रोज सकाळी एकदा टँकखाली हात फिरवून बघावा.

दोन ट्यूब, थोडं अ‍ॅसिटोन, दोन माणसांचा एक दिवस आणि दोन आठवड्यांची वाट. खर्च म्हणाल तर एवढाच. विकणारा 'अजिबात गळत नाही' म्हणाला तरी अंगणातली चाचणी झाल्याशिवाय मोठा टँक घरात घेऊ नये.